लिटरला अठरा

भर उन्हाळ्यात, काचा बंद करून, एसी न लावता, लाल मोटारीतून तलवाड्याहून केजकडं जायचं कुणी ठरवत असेल तर जाऊ नका. एसटी बरी. एसटीला खिडक्या असतात आणि खिडकी उघडली म्हणून तिचा ड्रायव्हर रडकुंडीला येत नाही. मी जाऊन आले, म्हणून सांगते.

गेलो तिघं. एक मी. चौथीपर्यंत शिकले, आमच्या गावच्या बायकांच्या दूध संस्थेवर बरीच वर्षं संचालक होते, आता घरी बसून दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढते. दुसरा विष्णू, माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. बहीण गुडघ्यांनी बसलेली, मेहुणे वारलेले, म्हणून मुलगी बघायला वडीलधारं माणूस पाहिजे तर मला नेलं. तिसरे उत्तम तात्या. हे स्थळ त्यांनीच आणलेलं. गावातली निम्मी लग्नं तात्यांनी जमवली आणि उरलेल्या निम्म्यांना नावं ठेवली. त्यांना तपकिरीचं व्यसन. तपकिरीनं नाकाचं इतकं वाटोळं झालंय की घरात आमटी करपली तरी ते शांतपणे "वाढा" म्हणतात. हे नाक पुढं कामाला येणार आहे, म्हणून आत्ताच लिहून ठेवते.

विष्णूला शेती आहे, तीन म्हशी आहेत आणि तेहतीस वर्षं पूर्ण आहेत. आमच्याकडं शेतीवाल्या पोराला मुलगी मिळणं म्हणजे बोअरला पाणी लागणं. खाली जायचं, खर्चात पडायचं, आणि शेवटी फुफाटा. त्यात पाऊस सलग रुसलेला, गावोगाव जनावरांच्या छावण्या पडलेल्या. दोन मुली बघून झाल्या होत्या. दोन्हीकडून "कळवतो" असं आलं, आणि कळवलं कुणी नाही. मग कुणीतरी त्याला सांगितलं की पोरींना मोटार आवडते. त्यानं औरंगाबादहून रस्त्यांची कंत्राटं घेणाऱ्या एका गुत्तेदाराच्या पोराची वापरलेली मोटार आणली.

मोटार लाल आहे आणि पोट जमिनीला टेकलेली. तलवाड्यातल्या गतिरोधकावरून जाताना खालून असा आवाज येतो की कुणीतरी तवा घासतंय. डिकीवर एक आडवी पट्टी आहे. ती कशाला, म्हणून विचारलं तर म्हणाला, "वारा दाबायला." आमच्याकडं त्या महिन्यात दाबण्यासारखा वारा नव्हता. आत बसायचं म्हणजे विहिरीत उतरल्यासारखं, आणि बाहेर यायचं तर कुणीतरी हात द्यावा लागतो.

ही मोटार विष्णूनं बायोडाटात लिहिली. शिक्षण, शेती, म्हशी, आणि खाली, "स्वतःची स्पोर्ट्स कार, लिटरला अठरा."

तो अठराचा आकडा मुलीच्या वडिलांनी धरला.

मुलीचे वडील किसनराव. साखर कारखान्याची जीप चालवून रिटायर झालेले. त्यांच्या मुलीला, अर्चनाला, आधी दोन स्थळं येऊन गेली होती आणि दोन्ही खोटी निघाली. एक म्हणाला, नोकरी कायम आहे. ती कायम जाण्याच्या बेतात होती. दुसरा म्हणाला, विहिरीला बारमाही पाणी. किसनराव बघायला गेले तर विहिरीत खरंच पाणी. पण विहिरीत बेडूक नाही, कडेला शेवाळ नाही, आणि आतून एक मुंगळा पोहत बाहेर निघालेला. आदल्या दिवशी त्यानं विहिरीत टँकर रिकामा केला होता.

तेव्हापासून किसनरावांनी ठरवलं की पोराची एकच गोष्ट तपासायची, पण अशी की तिच्यात टँकर ओतता येणार नाही. त्यांनी तात्यांना फोन केला.

"गेवराईच्या पंपावर टाकी तोंडापस्तोर भरा. मीटर शून्य करा. हितं आमच्या फाट्यावर पंप हाय, तिथं मी परत तोंडापस्तोर भरीन. जेवढं बसंल तेवढं गाडीनं पिलं. अठरा निघालं तर बसून बोलू. न्हाई निघालं तर च्या पिऊन जावा."

तात्यांनी हे विष्णूला सांगितलं तेव्हा मी तिथंच होते. पोराचा चेहरा दुधात लिंबू पडावं तसा झाला. मी विचारलं, "खरं किती देती?"

"कंपनीनं अठरा सांगितलंय मावशी."

"लग्न कंपनीला करायचंय, का तुला?"

तो मोटारीचा आरसा पुसायला लागला.

तलवाडा ते गेवराई

निघतानाच भांडण झालं ते पाण्यावरून. दुष्काळाच्या सालात आमच्याकडं एक रीत पडली आहे. पाहुणा म्हणून जायचं तर आपलं पाणी आपण न्यायचं. ज्याच्या घरी आठ दिवसांनी टँकर येतो, त्याच्या रांजणावर आपला भार टाकायचा नाही. साडीचोळी विसरली तर चालते, पाणी विसरलं तर मागून बोलणं होतं. मी गोडेतेलाचे पाच-पाच लिटरचे सहा रिकामे कॅन घासून, भरून डिकीपाशी ठेवले.

"मावशी, तीस किलो वजन वाढलं," विष्णू म्हणाला. "अ‍ॅव्हरेज पडंल."

"मग तू उतर. साठ किलो कमी होईल."

कॅन डिकीत गेले.

गेवराईच्या पंपावर टाकी भरायला लागली तेव्हा विष्णू गाडी दोन्ही हातांनी गदागदा हलवायला लागला. ज्वारीचं पोतं आपटून भरतात ना, दाणे खाली बसावेत म्हणून, तसं. पेट्रोल खाली बसतं की नाही मला माहीत नाही, पण मी आत बसलेली होते आणि मी नक्की खाली बसले. पंपावाला मिशा पिकलेला माणूस होता. त्यानं हे बघितलं आणि विचारलं, "किती देती?"

"अठरा," विष्णू म्हणाला.

त्यानं मान डोलावली. ह्या प्रवासात हा प्रश्न आम्हाला ज्या ज्या माणसानं विचारला त्याचं नाव लिहायचं म्हटलं तर मतदारयादी होईल. जातीनं, गावानं कोणीही असो, लाल गाडी थांबली की पहिला प्रश्न तोच. गाडी कुणाची, कुठं चाललात, हे नंतर.

गेवराई ते मांजरसुंबा

हमरस्त्याला लागल्यावर विष्णूनं नियम सांगितले. एसी लावायचा नाही, तो पेट्रोल खातो. काच उघडायची नाही, वारा आत शिरला की गाडी जड होते. बोलायला हरकत नाही.

मी बोललेच नाही. तोंड उघडलं तर उरलासुरला ओलावा जाईल अशी भीती वाटली. बंद मोटारीत, उन्हात, तपकिरीच्या वासात मी बसून राहिले. पाठीला लुगडं चिकटलं. तात्यांनी टोपी काढून तिनं वारा घेतला तर विष्णू आरशातून बघायला लागला, जणू तेवढ्यानंही दोन थेंब जातील.

गाडी पळायला बनवलेली आणि हा तिला चालायला शिकवत होता. शेळ्यांनी भरलेला टेंपो आम्हाला मागं टाकून गेला. मागच्या फळीवर मान टेकवलेली एक शेळी आमच्याकडं बघत होती. बराच वेळ बघत होती, कारण टेंपोलाही काही घाई नव्हती. मग कडब्याचा ट्रॅक्टर पुढं गेला. त्याच्या ड्रायव्हरनं वळून विचारलं, "पंचर हाय का?"

बीडला मी चहा आणि सावली मागितली. दोन्ही मिळालं. पदर पिळला तर खरंच पाणी निघालं. विष्णूनं काचा पुसायला फडकं हवं म्हणून डिकी उघडली, तेव्हा मला सात कॅन दिसले. मी सहा ठेवले होते. मला वाटलं, तात्यांनीही रीत पाळली. इतक्या वर्षांत तात्यांबद्दल मला बरं वाटल्याची ही पहिली वेळ, आणि तीही वाया गेली.

बीडच्या पुढं पालीपाशी बिंदुसरेचं धरण लागतं. तळाला भेगा, त्यात कुणीतरी क्रिकेटचे दांडके ठोकलेले. मग घाट. घाटाच्या तोंडाशी विष्णूनं गाडी हळू केली आणि फार गोड आवाजात म्हणाला, "मावशी, एवढा चढ पायी येतीस का? वर थांबतो की."

"तूच ये," मी म्हटलं. "मी चालवते."

मांजरसुंब्याच्या ढाब्यावर जेवलो. भाकरी बाजरीची मागितली तर ज्वारीची आली, पिठलं तिखट आणि कांदा चांगला. पाणी मागितलं की आधी विकतची बाटली पुढं येते. आमच्याकडं पाहुण्यापुढं गूळ-पाणी ठेवतात, इथं बाटली. तिथं एक ट्रकवाला पंजाबी तोंडानं मराठी बोलत होता. त्यानंही विचारलं, किती देती. विष्णू "अठरा" म्हणाला. तो इतका हसला की त्याच्या ताकात नाकातून बुडबुडे आले.

नेकनूरवरून

नेकनूरला जनावरांचा मोठा बाजार भरतो. तिथून जाताना मी विष्णूला सरळ विचारलं, की कंपनीनं अठरा मोजले कुठं.

"एक बंद खोली असती. त्यात गाडी फिरत्या रुळावर ठेवत्यात. चाकं फिरत्यात, गाडी जाग्यावरच. एसी बंद. वारा न्हाई, चढ न्हाई, खड्डा न्हाई."

"माणसं?"

"एकच."

"मावशी?"

"मावशी न्हाई."

मग मला सगळं कळलं. मी ह्याच बाजारात म्हशी घेतल्या आहेत. विकणारा काय करतो, आदल्या सांजची धार काढतच नाही. म्हैस तुंबवतो. सकाळी बाजारात कास तटतटलेली, चारी सड चार दिशेला. "बारा लिटर," म्हणतो, आणि तुमच्यासमोर बारा काढून दाखवतो. खोटं काहीच नाही. घरी आणली की आठ. म्हणून शहाणा माणूस बाजारातला आकडा ऐकतो, मान डोलावतो आणि मनात चार उणे करतो. कंपनीची खोली म्हणजे तुंबवलेली म्हैस. मी विष्णूला तसं सांगितलं. तात्या म्हणाले, "आक्का, आता शुभ कार्याला चाललोय, म्हशीचं नको."

"खरं किती देती रे?" मी पुन्हा विचारलं.

विष्णूनं गाडी आणखी हळू केली. मग म्हणाला, "रोडला तेरा. गावात धा."

"मग तसं सांग त्यांना."

"तेरा सांगितलं तर च्या पिऊन जावं लागतंय मावशी." त्याचा आवाज एकदम पोरगेला झाला. "ही तिसरी हाय. हितं न्हाई जमलं तर आई म्हनती, म्हशीच बघ."

बहिणीचं तोंड असंच आहे, आमच्या घराण्यातलं.

केज

केजला स्टँडजवळ चहाला थांबलो. तात्यांनी चहा अर्धा टाकून किल्ली मागितली. तपकिरीची डबी डिकीत राहिली म्हणाले. डबी त्यांच्या खिशातच फुगलेली दिसत होती. बरेच वेळानं धोतराला हात पुशीत परत आले आणि पोटभर जेवल्यासारखं समाधानानं बसले. मी विचारलं, काय करत होतात. म्हणाले, "शुभ कार्य."

मुलीचं गाव केजच्या पुढं, फाट्यावरून आत. नाव लिहीत नाही, किसनरावांना ते आवडणार नाही. फाट्याच्या अलीकडं, पंप लांबून दिसायला लागला तेव्हा गाडी खोकली. मग शिंकली. मग उलटी व्हावी तशी अंग घुसळून थांबली. विष्णूनं किल्ली फिरवून फिरवून पाहिली. आतून नुसता कुरकुर आवाज.

शेजारच्या माळावर जनावरांची छावणी होती, दूध संघानं चालवलेली. तिथून एक म्हातारा बैलांची जोडी घेऊन घराकडं चालला होता. तो थांबला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "किती देती?"

विष्णू स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसला होता. तात्या म्हणाले, "अठरा."

"मंग बंद कावून हाय?"

"थकली असंल," तात्या म्हणाले.

म्हाताऱ्यानं कासरा सोडला, गाडीच्या खालच्या कडीला दोर बांधला आणि बैलांना दोर लावला. "छावणीच्या पेंडीवरची जनावरं हायती," म्हणाला, "झटका देऊ नगा." आम्ही निघालो. तेव्हा विष्णूनं मुकाट काचा खाली केल्या. सगळ्या प्रवासात सगळ्यात सुखाचा भाग तो. वारा येत होता, वेग माणसाला सोसेल असा होता, आणि पेट्रोल काहीच लागत नव्हतं.

फाटा

पंपावर किसनराव उभे होते. पांढरं धोतर, डोळ्यांवर चष्मा, मागं भावकीतले चारजण. लाल गाडी बैलांच्या मागं पंपावर आली तेव्हा कुणी हसलं नाही, हे त्यांचं मोठेपण. किसनरावांनी रामराम केला, पाणी विचारलं, आणि टाकी उघडायला सांगितली.

पंपावरच्या पोरानं टाकी तोंडापर्यंत भरली. किसनरावांनी पंपावरचा आकडा बघितला, मीटरवरचा बघितला, त्यात बैलांनी ओढलेलं अंतरही आलं होतं. मोबाइलवर भागाकार केला. परत केला. मग मोबाइल मागं उभ्या भावाकडं दिला, त्यानंही केला.

"अठरा," किसनराव म्हणाले. "वर थोडं."

विष्णूनं असं तोंड केलं की जणू बोअरला पाणी लागलंय आणि तेही शेजाऱ्याच्या शेतात. त्याला स्वतःलाच पटेना. मला तर अजिबात पटेना. कागदावर अठरा, आणि गाडी बैलांच्या मागं. तात्यांनी मात्र चिमूटभर तपकीर ओढली आणि आभाळाकडं बघितलं.

"आकडा बरोबर हाय," किसनराव हळूहळू म्हणाले. "पर गाडी बंद हाय. ह्ये काय समजंना." त्यांनी केजच्या मेस्त्रीला फोन लावला आणि आम्हाला घरी नेलं.

घर तीन खोल्यांचं, अंगण सारवलेलं. चहा आला. आमच्याकडं मुलगी पोहे घेऊन येते आणि खाली बघून बसते. इथं मुलगी आधीच पडवीत काम करत होती. अर्चना त्यांच्या गावच्या दूध संस्थेत दूध घेते. सकाळ-संध्याकाळ शंभर कॅनची झाकणं उघडायची, प्रत्येकात आधी नाक घालायचं, आंबूस आलं की कॅन बाजूला. फॅटचं मशीन नंतर. मी संस्थेवर होते, मला माहीत आहे, ह्या कामाला बसलेल्या माणसाची मान आपोआप झाकणाकडं वाकते. पुढं आयुष्यभर घरातलं कुठलंही भांडं ते वास घेतल्याशिवाय उघडत नाहीत.

मी विष्णूला कॅन आणायला सांगितले. किसनरावांच्या बायकोनं सातही कॅन बघून पदर डोळ्याला लावला नाही, पण म्हणाल्या, "आक्का, तुमी रीत पाळली." अर्चना एकेका कॅनचं झाकण उघडायची, वाकायची आणि रांजणात ओतायची. एक कॅन निम्मा रिकामा निघाला, तेव्हा तिनं माझ्याकडं बघितलं. मीही बघितलं. मग सातवा उघडला. ती वाकली. वाकलेलीच राहिली. झाकण परत लावलं आणि मला अगदी आदरानं विचारलं,

"मावशी, ह्ये पाणी कंच्या विहिरीचं हो?"

किसनराव उठून आले, वास घेतला आणि कॅन भावाकडं दिला. त्यानंही वास घेतला. शेवटी कॅन तात्यांकडं आला. तात्यांनी नाक लावलं, मोठा श्वास घेतला आणि म्हणाले, "झऱ्याचं वाटतंय."

"पेट्रोल हाय," किसनराव म्हणाले.

तात्यांना घाम आला. "अडीअडचणीला ठिवलंतं," ते म्हणाले.

"अडचण तर आलती. बैलं लावली तुमी. मंग टाकलं कावून न्हाई?"

तात्या निम्म्या रिकाम्या कॅनकडं बघायला लागले. मग भरलेल्या कॅनकडं. त्यांच्या तोंडावरून मला हिशेब दिसत होता. केजला डिकीत सात सारखे कॅन, फाट्यावर पेट्रोल कमी बसावं म्हणून त्यातला एक उघडून बाटलीनं मापून दोन बाटल्या टाकीत, आणि नाक मेलेलं. माझ्याही डोक्यात तेवढ्यातच उजेड पडला. दोन बाटल्या पाणी. ज्या दिवसांत माणसं दोन बाटल्यांसाठी रांगेत भांडतात, त्या दिवसांत ह्या बाबानं ते मोटारीला पाजलं.

"तात्या," विष्णू म्हणाला, "तुमी टाकीत काय टाकलं?"

"आरं, तुझ्या भल्यासाठी..."

किसनरावांनी चष्मा काढून पुसला. "म्हंजी तिसरा," ते म्हणाले. "बसा. जेवण झालंय. जेवून जावा. मेस्त्री येतोय."

हे त्यांनी इतकं शांतपणे सांगितलं की मला वाटलं, आता उठावंच. विष्णूला सांगता आलं असतं की मला काही माहीत नव्हतं, सगळं तात्यांनी केलं. आणि ते खरंही होतं. मी त्याच्याकडं बघत होते. लहानपणी साखर चोरली की हा शेजारच्या पोराचं नाव घ्यायचा.

"तात्यांचं मला म्हाईत नव्हतं," तो म्हणाला. "पर अठरा मीच लिव्हलंय. गाडी रोडला तेरा देती, गावात धा. आज अठरा पडावं म्हणून मावशीला उन्हात भाजत आणलंय. अठरा मी कवा बघितलंच न्हाई."

"मंग लिव्हलं कावून?" हे अर्चनानं विचारलं.

"तेरा लिव्हलं असतं तर तुमी फोन उचलला असता का?"

तिनं विचार केला. "न्हाई," म्हणाली.

आत चुलीवर येसराची आमटी उकळत होती, वास सगळ्यांना येत होता, तात्या सोडून.

मग अर्चना बापाकडं वळली. "अण्णा, माझ्या बायोडाटात उंची किती लिव्हलीय?"

किसनराव छताकडं बघायला लागले.

"पाच फूट चार," तिनंच सांगितलं. "मी पाच फूट एक हाय."

"ती चपलीसकट हाय," किसनराव म्हणाले.

"कंच्या चपला अण्णा? मला तर सपाट वहाणा हायत्या."

आतून तिची आई हसली. मग भावकीतला एक हसला. मी उठून अर्चनाच्या शेजारी उभी राहिले. मी पाच फुटाला कमी आहे. ती माझ्यापेक्षा चार बोटंच उंच होती. मी म्हटलं, "किसनराव, बाजारातली म्हैस आणि घरातली म्हैस, दोन्ही दूध देतात. आता दोघांनी घरातली दाखवली आहे. जेवायला वाढा."

दुसरा दिवस

मेस्त्रीनं टाकी रिकामी करून कोरडी केली. रात्री आम्हाला तिथंच राहावं लागलं, आणि आमचंच पाणी आम्ही प्यायलो. रीत कशाला असते ते असं कळतं.

सकाळी किसनराव म्हणाले, "एकदा माझ्या हातानं मोजतो. एसी लावून. सगळी बसा." तात्यांना घरी ठेवलं. पुढं ते आणि विष्णू, मागं मी, अर्चना आणि तिची आई. फाट्यावर टाकी भरली, कुणी गाडी हलवली नाही, आणि अंबाजोगाईच्या रस्त्याला लागलो.

थोडा वेळ किसनराव जीप चालवल्यासारखे चालले, दोन्ही हात चाकाला, पाठ ताठ. मग समोर मोकळा, सरळ रस्ता आला. त्यांनी जरासा पाय दिला. गाडीनं आतून हुंकार दिला आणि माझं डोकं मागं गेलं. मी आरशात किसनरावांचे डोळे बघितले. साठीच्या पुढचा माणूस, जन्मभर संचालकांना डुगडुगत्या जीपमधून फिरवलेला. त्यांनी आणखी पाय दिला. कडब्याचा ट्रॅक्टर मागं गेला, शेळ्यांचा टेंपो मागं गेला. अर्चनाची आई देवाचं नाव घेत होती. विष्णू हळूच म्हणाला, "अण्णा, अ‍ॅव्हरेज..." त्यांना ऐकू आलं नाही.

फाट्यावर परत आलो. टाकी भरली. त्यांनी मोबाइलवर भागाकार केला आणि मोबाइल खिशात ठेवला.

"किती अण्णा?" अर्चनानं विचारलं.

"नऊ."

मग थोड्या वेळानं म्हणाले, "पर सुटती लई."

"आपल्या कारखान्याच्या जीपला किती पडायचं?" अर्चना म्हणाली.

"धा. कंपनी चौदा सांगायची."

"मग तुम्हाला आधीच माहीत होतं की," मी म्हटलं. "कंपनीचा आकडा कुणाला पडत नाही म्हणून. मग एवढं मोजायचं काय होतं?"

"गाडी मोजायची न्हवती आक्का," किसनराव म्हणाले. "पोरगं मोजायचं हुतं. उशिरा सांगितलं, पर सांगितलं. विहीरवाल्यानं आजून सांगितलं न्हाई." त्यांनी विष्णूच्या हातात किल्ली दिली. "बायोडाट्यात तेरा करा. पोरीची उंची मी पाच फूट एक करतो."

परत

आमच्याकडं आणि त्यांच्याकडं एक रीत सारखी निघाली. आलेलं भांडं रिकामं परत पाठवायचं नाही. सहा कॅनपैकी एकात ताक आलं, एकात शेंगदाणे, बाकीच्यांत ज्वारी. सातव्यातलं पेट्रोल गाडीत गेलं, जिथं ते आधीच जायला पाहिजे होतं. ते ओतायला अर्चना उभी राहिली, आणि ओतण्याआधी तिनं वास घेतला.

एसी लावला. घाट उताराचा होता. तात्या मागं झोपले, मला पाय ताणता आले. बिंदुसरेच्या तळात पोरं क्रिकेट खेळत होती.

गेवराईला पेट्रोल भरायला थांबलो. तोच पिकल्या मिशांचा पंपावाला. त्यानं गाडी ओळखली, पण सवयीनं विचारलंच, "किती देती?"

"तेरा," विष्णू म्हणाला.

"काल तर अठरा सांगितलंतं. एका दिसात तेरा कावून?"

"लग्न जमलं," विष्णू म्हणाला.

पंपावाल्याला ते पटलं. त्यानं मान डोलावली आणि टाकी भरली.